मूल दुसऱ्याच्या हाती असताना अपघात झाला तर

मूल सांभाळायला बाई ठेवताना आईबाप बरंच काही विचारतात. आधी कुठं कामाला होतात, घरी कोण कोण असतं, किती वाजता याल, पगार किती घ्याल, महिन्याला किती सुट्ट्या. आधार कार्डाची झेरॉक्स घेतली जाते, पोलीस पडताळणीचा अर्ज भरला जातो, सोसायटीच्या वॉचमनकडं फोटो दिला जातो. एक प्रश्न मात्र दोन्हीकडून कोणीच काढत नाही. मूल तुमच्या ताब्यात असताना त्याला अपघात झाला, तर पुढं काय? दवाखान्याचं बिल कोण भरणार, पोलीस आले तर जबाब कोणाचा घेणार, आणि मूल कायमचं अधू झालं तर त्याच्या पुढच्या आयुष्याचा खर्च कुठून येणार? अभद्र बोलू नये म्हणून हे टाळलं जातं. मग प्रसंग ओढवतो तेव्हा याची उत्तरं रडारडीत, आरोपांत आणि पोलीस ठाण्याच्या बाकावर शोधावी लागतात.

यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. चूक कोणाची, हा एक. मुलाच्या उपचारांचा पैसा कोणाचा, हा दुसरा. आपल्याकडचा कायदा, शेजारपाजार आणि वर्तमानपत्रं पहिल्या प्रश्नावर सगळी शक्ती लावतात. पण दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातून मिळेल असं धरून बसलं, तर बहुतेक घरांत ते कधीच मिळत नाही. हे दोन प्रश्न वेगळे काढले तरच मुलाचं आणि त्याला सांभाळणाऱ्या बाईचंही भलं होईल, असं माझं ठाम मत आहे.

आधी अपघात आणि क्रौर्य यांतला फरक. २०१६ च्या नोव्हेंबरात नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण सीसीटीव्हीत दिसली, तेव्हा अख्खा महाराष्ट्र हादरला. तेव्हापासून बाई ठेवणाऱ्या प्रत्येक घराच्या मनात तेच चित्र असतं आणि कॅमेरे लावले जातात ते त्याच भीतीनं. ती भीती खोटी नाही. पण लहान मुलांना इजा होते ती बहुतेक वेळा अगदी साध्या कारणांनी, आणि ती कारणं आईच्या हातात मूल असतानाही तीच असतात. न्हाणीघरात भरून ठेवलेली बादली. ओट्याच्या कडेला ठेवलेला चहा. शेंगदाणा, फुटाणा, चिंचोका श्वासनलिकेत अडकणं. रिमोटमधून निघालेला बटण सेल गिळणं. गजांमधलं अंतर जास्त असलेली खिडकी, तिच्याखाली ठेवलेला दिवाण. पलंगावर झोपवलेलं आणि नुकतंच पालथं पडायला शिकलेलं बाळ. चालायला लागलेल्या मुलाला एका हाताला धरून झटकन वर उचललं की कोपराचं हाड जागचं सरकतं. एक ते चार वर्षांच्या मुलांत हे नेहमी घडतं आणि तज्ज्ञ डॉक्टर ते क्षणात बसवतात. ते आईकडून होतं, आजोबांकडून होतं, बाईकडूनही होतं. इजा झाली म्हणजे हलगर्जी झालीच, असा सरळ हिशोब इथं चालत नाही.

कायदाही तसं म्हणत नाही. हलगर्जी सिद्ध करायची तर आधी जबाबदारी होती हे दाखवावं लागतं. मग, एखाद्या समंजस माणसानं घेतली असती तेवढी काळजी घेतली गेली नाही, आणि इजा त्याचमुळं झाली, हे दाखवावं लागतं. मूल सांभाळायचा पगार घेतला की जबाबदारी येते, यात वाद नाही. वाद असतो तो काळजीच्या मापावर. दीड वर्षाच्या मुलाला न्हाणीघरात एकटं ठेवून बाई फोनवर बोलत बसली, तर माप सरळ ओलांडलं गेलं. पण मालकीणबाईंनीच पोळ्या, भाजी, भांडी आणि मूल अशी चारही कामं तिच्यावर टाकली असतील, आणि ती तव्यावरची पोळी उलटत असताना मूल खुर्चीवरून पडलं असेल, तर? मला तरी इथं कामाची वाटणी करणाऱ्याचा दोष मोठा दिसतो. न्यायालयालाही तो प्रश्न विचारावा लागेल.

फौजदारी बाजू कडक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार हलगर्जीनं मृत्यू ओढवला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या दंडविधानात ही मर्यादा दोन वर्षं होती. इतरांच्या जिवाला धोका होईल असं हयगयीचं वागणं कलम १२५ खाली येतं, आणि त्यातून गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. त्याच्या जोडीला बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७५ आहे. मूल ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात आहे त्यानं त्याला मारलं, टाकून दिलं किंवा जाणूनबुजून दुर्लक्षिलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हेच एखाद्या संस्थेच्या माणसाकडून घडलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. इथं 'जाणूनबुजून' हा शब्द महत्त्वाचा. नकळत झालेला अपघात या कलमात बसत नाही.

आणखी एक कलम फारसं कोणाला माहीत नसतं. वयानं लहान, आजारी किंवा दुबळ्या माणसाची देखभाल करण्याचा कायदेशीर करार करून ती देखभाल आपण होऊन टाकणं, हा आपल्याकडं इंग्रजांच्या काळापासून गुन्हा आहे. जुन्या दंडविधानात ते ४९१ वं कलम होतं आणि दंड होता दोनशे रुपये. नव्या संहितेत ते ३५७ वं झालं आणि दंड पाच हजारांपर्यंत गेला. तीन महिन्यांची कैदही होऊ शकते. म्हणजे मूल सांभाळण्याच्या कामाची गंभीर दखल कायद्यानं दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी घेतली. मात्र ती फक्त शिक्षेच्या बाजूनं. त्या कामाला सुरक्षा आणि संरक्षण देण्याच्या बाजूनं ती अजूनही पुरी घेतलेली नाही.

फौजदारी खटल्यानं आईबापांच्या संतापाला वाट मिळते आणि खऱ्या क्रूर माणसाला शिक्षाही होते. पण त्यातून मुलाच्या प्लास्टरचा, शस्त्रक्रियेचा किंवा फिजिओथेरपीचा खर्च निघत नाही. दंड सरकारजमा होतो. न्यायालय त्यातून भरपाई देऊ शकतं, पण दंडच काही हजारांचा असेल तर त्यातून काय देणार?

मग दिवाणी दावा. घरात कामाला ठेवलेल्या बाईवर नुकसानभरपाईचा दावा करता येतो, पण केला जात नाही, आणि त्याचं कारण उघड आहे. महिन्याला दहा-बारा हजार रुपये मिळवणारी, भाड्याच्या खोलीत राहणारी बाई पाच लाखांचा हुकूमनामा कशातून फेडणार? तिच्याकडं जप्त करण्यासारखं काही नसतं. वर दाव्याच्या रकमेवर कोर्ट फी आणि तारखांमागून तारखा. मूल दगावलं असेल तर दाव्याचा आधार असतो १८५५ चा प्राणांतिक अपघात अधिनियम. मूल वाचलं असेल तर त्याला थोडी सवलत आहे. मुदत कायद्याच्या सहाव्या कलमानुसार अज्ञान मुलाच्या दाव्याची मुदत ते सज्ञान झाल्यावर मोजायला सुरुवात होते, त्यामुळं आईबापांकडून वेळ गेली तरी मुलाचा हक्क बुडत नाही. आणखी एक गोष्ट दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावी. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. म्हणजे जखमी मुलालाही तो आहे, आणि आरोप झालेल्या मावशीलाही.

ग्राहक आयोगाचा रस्ता स्वस्त आणि त्यामानानं सोपा. पण तो सर्वांना खुला नाही, आणि इथं फरक नीट समजून घ्यायला हवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'वैयक्तिक सेवेचा करार' सेवेच्या व्याख्येतून वगळलेला आहे. तुम्ही स्वतः पगारावर ठेवलेली, तुमच्या सांगण्यानुसार काम करणारी बाई या वगळलेल्या भागात मोडते. पाळणाघर मात्र पैसे घेऊन सेवा देतं. ते आपल्या पद्धतीनं, आपल्या माणसांकरवी काम करतं, म्हणून ते कायद्याच्या कक्षेत येतं. हा फरक सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या प्रकरणात डॉक्टरांच्या संदर्भात स्पष्ट केला. १९९८ मध्ये स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलच्या प्रकरणात त्याची पुढची पायरी आली. नर्सनं चुकीचं इंजेक्शन दिल्यामुळं एका लहान मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. न्यायालयानं हॉस्पिटलला नर्सच्या चुकीबद्दल जबाबदार धरलं, आणि मूल व आईबाप दोघंही ग्राहक आहेत असं ठरवलं. मुलासाठी साडेबारा लाख आणि आईबापांच्या मनस्तापासाठी पाच लाख अशी वेगवेगळी भरपाई कायम झाली. पाळणाघराला हेच तत्त्व लागू पडतं. तिथल्या ताईच्या हलगर्जीला पाळणाघर चालवणारी व्यक्ती किंवा संस्था उत्तरदायी असते. तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडं करायची असते.

बायका पुरवणारे ब्युरो या दोन्हींच्या मधे उभे असतात. बाई पाठवताना ते एक महिन्याच्या पगाराइतकी फी घेतात, आणि त्यांच्या छापील फॉर्मवर खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की कोणत्याही घटनेला ब्युरो जबाबदार राहणार नाही. पाळणाघरांच्या प्रवेश अर्जांवरही असं वाक्य असतं. पालक ते वाचतात, क्षणभर थबकतात आणि सही करतात, कारण दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं. त्या सहीनं घाबरून जाऊ नये. स्वतःच्या हलगर्जीपासून सुटका करून घेणारी एकतर्फी अट न्यायालय डोळे झाकून मान्य करत नाही, आणि मुलाच्या स्वतःच्या हक्कावर आईबापांनाही पाणी सोडता येत नाही. ब्युरोनं 'प्रशिक्षित' आणि 'पडताळणी केलेली' बाई देतो असं सांगून फी घेतली असेल आणि प्रत्यक्षात काहीच तपासलं नसेल, तर त्या खोट्या आश्वासनाची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून ब्युरोची पावती, व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश आणि जाहिरात जपून ठेवावी.

ऑफिसातल्या पाळणाघरांची स्थिती त्यामानानं बरी आहे. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनं पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची केली, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाण्याचा हक्क दिला. सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. तिथं मागं मोठी कंपनी उभी असते, करार लेखी असतो, आणि मुलाला इजा झाली तर कोणाकडं बोट दाखवायचं हे कळतं. पण डोंबिवलीत, कोथरूडमध्ये, नाशिकच्या इंदिरानगरात तळमजल्याच्या दोन खोल्यांत एखाद्या काकूंनी चालवलेलं पाळणाघर बहुधा कुठल्याच नोंदवहीत नसतं. तिथं दहा-बारा मुलं असतात, प्रेमही भरपूर असतं, आणि विमा कुठलाच नसतो.

इथं थांबून आणखी एक गोष्ट बोलायला हवी. गावाकडून आणलेली बारा-तेरा वर्षांची मुलगी बाळाशी खेळायला म्हणून ठेवण्याची पद्धत अजून संपलेली नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनं ती सर्वच कामांना लागू झाली. अशा मुलीच्या हातून बाळ पडलं तर तिला जाब विचारण्याचा कुठलाही नैतिक अधिकार घरमालकाला उरत नाही. तिथं दोन मुलांची हानी झालेली असते, आणि दोन्हींची जबाबदारी ठेवणाऱ्याचीच.

आता विम्याकडं. पुष्कळ सुशिक्षित घरांत असा समज असतो की घराचा विमा आहे, म्हणजे घरात काहीही झालं तरी भागेल. १ एप्रिल २०२१ पासून सर्व विमा कंपन्यांना द्यावी लागणारी 'भारत गृह रक्षा' ही मूळ पॉलिसी घराची इमारत आणि सामान यांचं संरक्षण करते. जास्तीचे पैसे भरले तर विमाधारक आणि त्याची पत्नी किंवा पती यांचा अपघाती मृत्यू त्यात घेता येतो. मूल त्यात नाही. काही कंपन्यांच्या जुन्या धाटणीच्या गृहस्थ पॉलिसींमध्ये सार्वजनिक दायित्वाचा भाग असतो. तुमच्या गॅलरीतली कुंडी खाली पडून कोणाला लागलं, तर ती भरपाई त्यातून निघते. काहींत घरगड्यांच्या इजेचाही समावेश असतो. परंतु या भागात 'त्रयस्थ' म्हणजे घराबाहेरचा माणूस. तुमचं स्वतःचं मूल तुमच्या पॉलिसीत त्रयस्थ ठरत नाही. शेजारणीचं मूल तुमच्या बाईच्या देखरेखीत तुमच्या घरी पडलं तर ही पॉलिसी कदाचित कामी येईल. तुमचं मूल पडलं तर नाही.

मूल सांभाळणाऱ्या एकट्या बाईच्या दायित्वाचा विमा इंग्लंड-अमेरिकेत मिळतो. आपल्याकडं तिच्यासारख्या एकटीनं हप्ता भरून घ्यावा असा विमा रोजच्या बाजारात दिसत नाही, आणि दिसला तरी तो हप्ता तिच्या पगारातून निघणं अवघड. पाळणाघरांना मात्र बिगर-औद्योगिक सार्वजनिक दायित्व पॉलिसी घेता येते. शाळा, हॉटेलं आणि नाट्यगृहं ती घेतातच. नावाच्या सारखेपणामुळं तिची आणि १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा अधिनियमाची गल्लत होते. तो कायदा भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर झाला आणि घातक रसायनं हाताळणाऱ्या कारखान्यांपुरता आहे. पाळणाघराच्या बाबतीत पॉलिसी ऐच्छिक आहे. पालकांनी प्रवेश घेताना ती मागितली, तरच पाळणाघरं ती काढतील. महिन्याला आठ-दहा हजार फी घेणाऱ्या पाळणाघराला 'तुमची दायित्व पॉलिसी दाखवा' असं विचारण्यात संकोच वाटायचं काहीच कारण नाही.

खरा आधार असतो तो मुलाच्या स्वतःच्या विम्याचा, कारण तो विमा चूक कोणाची हे विचारत नाही. कौटुंबिक आरोग्य विम्यात बाळ साधारण एक्याण्णवाव्या दिवसापासून घेता येतं, आणि काही पॉलिसींत जन्मापासूनही. नव्या पॉलिसीत आजारपणासाठी असलेली सुरुवातीच्या तीस दिवसांची प्रतीक्षा अपघाताला लागू नसते. यातली अडचण अशी की बहुतेक पॉलिसींना दवाखान्यात किमान चोवीस तास दाखल व्हावं लागतं. हात मोडून प्लास्टर घालून संध्याकाळी घरी परतलेल्या मुलाचा खर्च त्यात बसेलच असं नाही. बाह्यरुग्ण उपचारांचा भाग वेगळा घ्यावा लागतो. आणि आरोग्य विमा फक्त दवाखान्याचं बिल भरतो. कायमचं अपंगत्व आलं तर एकरकमी पैसे देतो तो वैयक्तिक अपघात विमा. कित्येक कंपन्यांच्या कौटुंबिक अपघात पॉलिसीत मुलांनाही घालता येतं. वयाची अट आणि मुलाच्या वाट्याची रक्कम कंपनीगणिक वेगळी असते, म्हणून एजंटाच्या तोंडी सांगण्यावर न जाता पॉलिसीचा कागद वाचावा. पगारदार आईबाप स्वतःचा मुदतीचा विमा, गाडीचा विमा, फोनचा विमासुद्धा काढतात. मुलाच्या अपंगत्वाचा विचार तेवढा राहून जातो.

मुलाच्या अपंगत्वाचा खर्च किती असतो, याचा अंदाज मोटार अपघातांच्या निकालांवरून येतो, कारण लहान मुलांच्या भरपाईचा सर्वांत बारकाईनं विचार आपल्या न्यायालयांनी तिथंच केला आहे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपंगत्वाच्या टक्क्यांनुसार मुलांसाठी ठोक रकमा सुचवल्या. दहा टक्क्यांपर्यंत एक लाख, तीस टक्क्यांपर्यंत तीन लाख, आणि नव्वदच्या वर सहा लाख. उपचारांचा आणि मदतनिसाचा खर्च त्याहून वेगळा. पुढं फेब्रुवारी २०२० मध्ये, बारा वर्षांच्या वयात अपघातात पूर्णपणे परावलंबी झालेल्या एका मुलीला याच न्यायालयानं ६२ लाखांहून अधिक भरपाई दिली. त्यातले २१ लाख ६० हजार तिला सांभाळायला ठेवायच्या दोन मदतनिसांच्या पगारासाठी होते. चोवीस तास माणूस लागतो आणि एक माणूस चोवीस तास काम करू शकत नाही, हे न्यायालयानं हिशोबात धरलं. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. सांभाळण्याच्या कामाची किंमत त्यात स्पष्ट आकड्यांत मोजली गेली.

पण त्या मुलीला भरपाई मिळू शकली, कारण गाडीचा त्रयस्थ विमा कायद्यानं सक्तीचा आहे. रस्त्यावर गाडीनं उडवलेल्या मुलासाठी मोटार वाहन कायद्याचं १६४ वं कलम चूक सिद्ध न करताही मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख देतं. तेच मूल घरातल्या बादलीत बुडालं किंवा तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पडलं, तर त्याच्यासाठी अशी कुठलीच व्यवस्था नाही. महाराष्ट्रात राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघाती मृत्यूला दीड लाखापर्यंत साहाय्य मिळतं, अपंगत्वालाही मिळतं. मात्र ती पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. ज्या वयात घरगुती अपघातांचा धोका सर्वांत जास्त, ती शून्य ते सहा वर्षांची मुलं तिच्याबाहेर राहतात.

इतर देशांनी हा प्रश्न वेगवेगळ्या वाटांनी सोडवला. इंग्लंडमध्ये घरी मुलं सांभाळणाऱ्या नोंदणीकृत बायकांना दायित्व विमा घ्यावाच लागतो, त्याशिवाय नोंदणी टिकत नाही. जर्मनीनं निराळा विचार केला. १९७१ पासून तिथली बालवाडीतली आणि शाळेतली मुलं सरकारी अपघात विम्याखाली आहेत, जसे कारखान्यातले कामगार असतात तशी. २००५ मध्ये त्यात घरगुती पाळणाघरांतल्या मुलांची भर पडली. अट एवढीच, की सांभाळणारी बाई पात्र असल्याचं पालिकेच्या युवक-कल्याण कार्यालयानं मान्य केलेलं असावं. आईबाप वेगळा हप्ता भरत नाहीत. मूल पडलं की उपचार आणि पुनर्वसन विम्यातून होतं, आणि जाणूनबुजून केलेली इजा सोडली तर त्या बाईला कोर्टात खेचण्याची वेळ सहसा येत नाही. न्यूझीलंडनं तर १ एप्रिल १९७४ पासून सगळ्याच अपघातांना हे तत्त्व लावलं. चूक कोणाची हे न पाहता सर्वांना उपचार आणि भरपाई, आणि त्या बदल्यात भरपाईचा दावा लावण्याचा हक्क नाही. बर्लिन-म्युनिकमध्ये स्थायिक झालेल्या मराठी आईबापांची मुलं आज याच संरक्षणाखाली पाळणाघरात जातात. पुण्यात राहिलेल्या त्यांच्या भावंडांच्या मुलांना ते नाही.

जर्मन वाट मला योग्य वाटते. त्यामागचं कारण पैशापुरतं नाही. ते मुलाच्या जिवाशी निगडित आहे. आपल्याकडं अपघात झाला की बाईला पहिली भीती वाटते ती नोकरी जाण्याची आणि पोलिसांची. म्हणून ती लपवते. डोकं आपटलं असेल तर 'आज जरा किरकिर करतोय' एवढंच सांगते. बटण सेल गिळलेल्या मुलाच्या अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. तिथं लपवण्यात गेलेलं प्रत्येक मिनिट महागात पडतं. डोक्याला मार लागल्यावर उलट्या, गुंगी आणि तोल जाणं ही लक्षणं काही तासांनी दिसतात, आणि मार कसा लागला हे डॉक्टरला माहीत नसेल तर निदान चुकतं. बाईला दरडावून ठेवलेल्या घरात मूल सुरक्षित होत नाही. उलट त्याचा अपघात उशिरा कळतो. म्हणून कामाच्या पहिल्याच दिवशी तिला समोर बसवून सांगावं: काहीही झालं तरी आधी फोन करा, खरं सांगा, रिक्षा करून दवाखान्यात चला, पैशांचं आम्ही बघू. आणि प्रसंग आला तेव्हा हा शब्द पाळावा. दवाखान्यानं पोलिसांना कळवलं तरी घाबरू नये. अशा प्रकरणांची नोंद करणं डॉक्टरांचं काम आहे, आणि पोलिसी सोपस्कार बाजूला ठेवून आधी उपचार करायचे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच ठरवून दिलं आहे.

दोष सिद्ध झालेला नसताना बिलाची रक्कम तिच्या पगारातून हप्त्याहप्त्यानं कापण्याची पद्धत मी काही घरांत पाहिली आहे. ती अन्यायाची आहे. घर सुरक्षित ठेवण्याची पहिली जबाबदारी घरमालकाची. खिडकीला जाळी, बादल्या पालथ्या, औषधं आणि डासांच्या लिक्विडच्या बाटल्या वरच्या फळीवर, स्वयंपाकघराच्या दाराला अडसर. कॅनडानं २००४ पासून बंदी घातलेला चाकांचा वॉकर घरात नको. भाजल्यावर वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचं, टूथपेस्ट किंवा हळद लावायची नाही, आणि घशात काही अडकलं तर पाठीवर कसं थोपटायचं, हे बाईला, आजीला आणि आपल्यालाही शिकायला हवं. ही जबाबदारी पार पाडली नसेल तर बाईला बोल लावण्याआधी स्वतःकडं बघावं.

तिच्या स्वतःच्या संरक्षणाचं काय? बाळाला घेऊन जिना उतरताना ती घसरली, तर दोघांनाही लागतं. महाराष्ट्रानं २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, तेव्हा हे राज्य बरंच पुढं होतं. मंडळाकडं नोंद असलेल्या बाईला काही योजनांचा लाभ मिळतो, पण नोंदच न झालेल्या असंख्य आहेत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपयांत अठरा ते सत्तर वयाच्या माणसाला अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचं आणि अंशतः कायमच्या अपंगत्वासाठी एक लाखाचं संरक्षण मिळतं. तिच्या बँक खात्यातून हा हप्ता जातो का, हे मालकानं पाहावं, आणि ते वीस रुपये स्वतःच भरावेत. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घरकामगारांच्या हक्कांसाठी कायद्याची चौकट तपासायला समिती नेमण्याचा आदेश केंद्राला दिला. त्या चौकटीत सांभाळणाऱ्या बाईच्या अपघाताबरोबर तिच्या हातातल्या मुलाच्या अपघाताचाही विचार व्हायला हवा. दोन्ही एकाच घरात, एकाच क्षणी घडतात.

राज्य सरकारकडं मागण्या दोनच आहेत, आणि दोन्ही त्याच्या आवाक्यातल्या. विद्यार्थ्यांची अपघात अनुदान योजना जन्मापासून लागू करावी, आणि त्यासाठी अंगणवाडीत किंवा पाळणाघरात नाव असण्याची अट ठेवू नये. दुसरं, पाळणाघरांची साधी, बिनाशुल्क नोंदणी सुरू करून तिच्याशी सामूहिक दायित्व विमा जोडावा. काकूंच्या दोन खोल्यांचं पाळणाघर कागदपत्रांच्या धाकानं बंद पाडायचं नाही, तर त्यांच्याही डोक्यावर छत्र धरायचं आहे.

सरकारनं केलं तर उत्तम. ते होईपर्यंत सर्व आईबापांनी या महिन्यातच मुलाचं नाव आरोग्य विम्यात आणि अपघात विम्यात आहे का ते पाहावं, पाळणाघराकडं पॉलिसीची प्रत मागावी, आणि आपल्याकडच्या मावशींचं बँक खातं वीस रुपयांच्या योजनेला जोडून द्यावं.